भारोभार मासोळी

सानगडीत माझं किराणा दुकान आहे, आणि दुकानासमोरच्या गल्लीत ढीवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं सुरू होतात. पहिलंच घर सखाबाईचं. त्यामुळे सकाळी दुकानाचं कुलूप काढताना पहिला मानवी आवाज माझ्या कानी पडतो तो तिचा. त्याला मानवी म्हणायचं की नाही, याबद्दल गावात दुमत आहे. डोक्यावर टोपली घेऊन ती "घ्या वो मासोळी" अशी हाक देते, तेव्हा पोस्टाच्या ओट्यावर झोपलेली कुत्री उठून बसतात. एकदा माझ्याकडे आलेला बिस्किटांचा एजंट इतका दचकला की हातातला खोका त्यानं स्वतःच्याच पायावर पाडला.

बाई साठीला टेकलेली आहे. नवरा धनीराम वारला, तेव्हा मासेमारांच्या सोसायटीनं त्याची जागा मुलाच्या, लिलाधरच्या नावानं करायची ठरवली. सखाबाई सभेत उभी राहिली. म्हणाली, "डोंगा मले चालवता येते. लिलाधर चिखल्याच्या खाणीवर टिप्पर चालवते. टिप्पर पाण्यात चालते काय?" सभा तिथंच आटोपली. तेव्हापासून आमच्या तलावात डोंगा, म्हणजे लहान होडी, हाकणारी ती एकटी बाई. माझ्या दुकानातला तांदळाचा कट्टा ती एका दमात उचलते आणि वर मला सांगते, "तुमी बसा भय्याजी, तुमची कंबर जाईन."

अशी ही बाई नातीपुढे मात्र लोण्याहून मऊ. नात म्हणजे डिंपल, लिलाधरची एकुलती एक पोर. वेळेच्या बऱ्याच आधी जन्मली. नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, आणि लिलाधर सांगतो की तिची मूठ त्याच्या नखाएवढी होती. डॉक्टर खात्री देईनात. तेव्हा सखाबाई मिळेल त्या गाडीनं सानगडीला परत आली आणि थेट तलावाच्या पाळीवर गेली. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तिथं चिंचेखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याला आम्ही तलावमाय म्हणतो. तिच्यापुढं सखाबाईनं पदर पसरला: "माय, पोरगी जगव. दहा वर्साची झाली का तिच्या भारोभार मासोळी तुह्या पुढं शिजवीन अन् गावाले खाऊ घालीन."

पोरगी जगली. आता नवस बोलणं सोपं असतं, पण ढीवरांच्या नवसाला नियम फार. मासोळी विकत घेतलेली चालत नाही, घरच्या हातानं धरलेलीच लागते. तोलायची ती घरात नाही, पाळीवर, सोसायटीच्या मोठ्या तराजूत, साऱ्या गावासमोर. आणि दुसऱ्या पारड्यात लेकरानं स्वतः बसायचं.

यातून सखाबाईच्या डोक्यात जे शिरलं ते जगात दुसऱ्या कोणाच्या डोक्यात शिरलं नसतं. तिनं हिशोब असा लावला की लेकरू हलकं भरलं तर मायला मासोळी कमी जाणार, म्हणजे मायचा अपमान. जिनं जीव दिला तिच्याशी कंजूषी? तेव्हा पोरगी भरली पाहिजे. मग काय विचारता! भातावर तूप, तुपावर तळलेला रोहू, आणि चार वाजता माझ्या दुकानातून चिप्सची पुडी. मी कधी म्हटलं, "सखाबाई, आता पुरे कर," तर उत्तर तयार: "माह्या घरचं नाही खात ती भय्याजी, मायचं खाते. मायच्या पारड्यात जमा होऊन राह्यलं सारं."

लहानपणी डिंपल जेवायला कुरकुर करायची. मग तिच्या आईचा, ज्योत्सनाचा, मोबाइल कामी आला. ज्योत्सना शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर असते, फोन रिकामाच पडलेला. त्यात कार्टून लावून पोरीच्या हाती दिलं की तिचं तोंड आपोआप उघडं राहतं हा शोध सखाबाईला लागला. एवढा मोठा शोध लागल्यावर ती गप्प बसणार थोडीच. गल्लीतल्या साऱ्या सुनांना तिनं शिकवलं. डिंपल पडद्याकडे पाहणार, आजी घास भरवणार. घास कशाचा, कितवा, पोरीला पत्ता नाही आणि आजीला थांबायचं कारण नाही. पुढं पोरगी हातानं जेवायला लागली, पण फोन सुटला नाही. शाळेतून आली की खाटेवर, खाटेवरून उठली की जेवायला, जेवली की पुन्हा खाटेवर. मला या फोनचा मनस्वी राग आहे. माझ्याच दुकानात माझाच मुलगा गिऱ्हाईक उभं असताना खाली मान घालून बोट फिरवत बसतो. पण त्याला ओरडता येतं, दुसऱ्याच्या नातीला कसं ओरडणार?

यंदा हिवाळ्यात डिंपलचे गुडघे दुखायला लागले. शाळेचा जिना चढताना धाप लागायची. ज्योत्सना तिला साकोलीला डॉक्टरकडे घेऊन गेली, सोबत सखाबाईही गेली, आणि परत आल्यावर तिनं माझ्या दुकानात उभं राहून डॉक्टरची नक्कल केली. डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, "आजीबाई, वयाच्या मानानं मुलीचं वजन फार जास्त आहे. आत्ताच आवरलं नाही तर पुढं साखरेचा आजार मागे लागेल. जेवताना मोबाइल बंद ठेवा. रोज संध्याकाळी घराबाहेर पळू द्या." यावर सखाबाईनं त्यांना विचारलं होतं की तुमचा काटा शेवटचा कधी तपासला. तिनं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. पण ज्योत्सना ऐकून आली होती. तिनं त्याच दिवशी नियम केला: ताटावर बसल्यावर फोन नाही. घरात मोठं महाभारत झालं. डिंपल रडली, सखाबाई तिच्या बाजूनं भांडली, पण ज्योत्सनानं फोन शिलाई मशीनच्या खणात टाकून कुलूप लावलं.

डिंपलला उन्हाळ्यात दहा वर्षं पूर्ण होणार होती. तलावात पाणी कमी झालं की सोसायटी तलाव ओढते, म्हणजे लांब जाळं टाकून सारी मासोळी काढते. त्याच दिवशी नवस फेडायचा असं सखाबाईनं गावभर जाहीर केलं. आणि एके दिवशी डिंपलनं सांगून टाकलं, "मी नाही बसत काट्यावर."

"काहून वो माय?"

"विक्की व्हिडिओ काढणार आहे. नावबी ठरवलं त्यानं. 'हत्ती व्हर्सेस मासोळी.'"

विक्की हा सोसायटीचा अध्यक्ष कैलाश याचा पोरगा. बारा वर्षांचा वस्ताद. गावातलं बैल उधळला, म्हातारा घसरला, लग्नात वरबाप नाचला, असं काहीही त्याच्या फोनातून सुटत नाही. सखाबाई त्याच्या घरी जाऊन त्याला अशा शिव्या घालून आली की कैलाशनं दारच लावून घेतलं. मग तिनं नातीला समजावलं, लाडीगोडी लावली, चांदीचे पैंजण कबूल केले. डिंपल ऐकेना. सखाबाई मला म्हणाली, "बसन ती. लेकरू आहे. त्या दिवशी उचलून ठेवीन." मला ते आवडलं नाही, आणि मी तसं म्हणालोही. पण या बाईला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर डिंपल माझ्या दुकानाकडे फिरकेनाशी झाली. मला वाटलं, चला, डॉक्टरचं ऐकलं. पण शाळेत जाताना ती माझ्या दुकानाच्या आडोशाला थांबायची, तिथं माझी बकरी बांधलेली असते. एका सकाळी मी मागच्या दारानं आलो तर पोरगी डबा उघडून पोळ्या बकरीला घालत होती. एकेक तुकडा करून, अगदी मन लावून. मला पाहून तिचा चेहरा पडला.

"बेटा, तुले भूक नाही लागत?"

"लागते नं भय्याजी." तिनं डब्याचं झाकण लावलं. "पण काट्यावर बसवतीलच मले. तोवर थोडं तरी कमी होईन."

रात्रीही ती आजीचा डोळा चुकवून भात मांजरीला घालत होती. वर्गात एकदा चक्कर आली होती, पण घरी सांगितलं नव्हतं. हे सारं तिनं मला सांगितलं आणि वर, कोणाला सांगू नका, असं बजावलं. मी सांगितलं. दुकान मुलावर सोडलं, गल्ली ओलांडली आणि सखाबाईला सारं सांगितलं. ती जाळ्याचं भोक शिवत बसली होती. तिचे हात थांबले.

जाळं बाजूला सारून ती उठली. "चाला भय्याजी. साक्षीदार पाह्यजे."

"कुठं?"

"मायकडं."

भर दुपारी आम्ही दोघं पाळीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. सखाबाई त्या शेंदरी दगडापुढं बसली नाही, उभीच राहिली, कमरेवर हात ठेवून, गिऱ्हाईकाशी भांडताना राहते तशी.

"ऐक माय. दहा वर्सं मी हिले भरवत गेली, तुह्यासाठी. तुले कमी पडू नये म्हणून. आता पोरगी डबा बकरीले देऊन राह्यली. तू जगवली तिले मी उपाशी मारू काय? नाही बसत ती तुह्या काट्यावर. मीबी नाही बसवत. नवस मोडला समज. तुले राग आला तं माह्यावर काढ, डोंगा बुडव माहा, पण पोरीच्या वाटेले जाशीन तं पाहून घे."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पण तिच्या शेजारी मातीत बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईचा जितका अभिमान वाटला तितका आजवर फार थोड्या माणसांचा वाटला असेल. देवाशी भांडायला लोक कमी नसतात, पण बहुतेक जण काहीतरी मागायला भांडतात.

संध्याकाळी कैलाश तिच्या दारात आला. "मावशी, नवस म्हणजे काय तोंडाचा खेळ आहे? तलाव साऱ्यांचा आहे. माय कोपली अन् मासोळी नाही लागली तं?"

"तं तू बस पारड्यात," सखाबाई म्हणाली. "माह्या घरी पोरगी जेवून राह्यली, आवाज करू नको."

डिंपल खरंच जेवत होती. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की काटा नाही, काही नाही.

तरी सखाबाईच्या मनात भीती बसली. पोरगी पुन्हा ताट टाळेल, म्हणून ती तिला नजरेआड होऊ देईना. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. सकाळी तलावावर जाताना नातीलाही डोंग्यात घालून न्यायला लागली. पहिल्या दिवशी डिंपल आईचा फोन लपवून घेऊन गेली. तलावाच्या मधोमध गेल्यावर कळलं की तिथं रेंजच येत नाही. तिनं फोन वर धरला, खाली धरला, उभी राहून धरला. डोंगा असा हेलकावला की सखाबाईनं माझ्यापर्यंत ऐकू येईल अशी शिवी हासडली. मग करायला काहीच नसल्यामुळे पोरीनं पाण्यात हात घातला.

डोंग्यात पाणी झिरपतं, ते डब्यानं सारखं बाहेर फेकावं लागतं. ते काम तिच्याकडे आलं. जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढायचं, पाळीवरून डोंगा ओढून आणायचा, टोपली घरापर्यंत धरायची. पहिले काही दिवस ती घरी येऊन आडवी व्हायची आणि "आजी, मले मारून टाकशीन तू" म्हणायची. पण सकाळी पुन्हा तयार. घरी आल्यावर फोन मागायचीच, ते काही सुटलं नाही, आणि ज्योत्सना खणाची किल्ली गळ्यात घालून फिरायची. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर ज्योत्सनानं मला सांगितलं की वजन थोडंसंच उतरलंय, पण धाप लागत नाही आणि गुडघेदुखीचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या, वाढत्या वयाचं लेकरू आहे, उपाशी ठेवू नका.

एका दुपारी सखाबाई मिठाची पुडी घ्यायला आली आणि पैसे द्यायचे विसरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "भय्याजी, आज डोंग्यात भात-कांदा खाल्ला आमी. मी आणखी वाढाले गेली तं पोट्टीनं ताटावर हात आडवा केला. म्हणे, बस आजी, पोट भरलं. दहा वर्सात पहिल्यांदा आयकलं मी तिच्या तोंडून." आणि हसली. मग पुन्हा म्हणाली, "तिले तरी कसं कळन? मीच कळू दिलं नाही."

मे महिन्याच्या शेवटी तलाव ओढायचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी दुकानं अर्धी बंदच असतात. सारं गाव पाळीवर. सोसायटीत प्रत्येक घराची एक ओढ असते. जाळं ओढायला सारेच हात लावतात, पण दोराचं शेवटचं टोक त्या घराच्याच माणसाच्या हातात हवं. टोक सुटलं तर ती ओढ सोसायटीच्या खात्यात. लिलाधरला सुट्टी मिळाली नव्हती. सखाबाईच्या घरची ओढ आली तेव्हा दोराला पुढं शेजारचे दोघं आणि ती, अगदी टोकाला डिंपल. लोकांत कुजबुज झाली. मोडलेल्या नवसाचं घर, माय काय देणार, असं दोघं-तिघं माझ्या कानाशीच बोलले.

जाळं जड लागलं. फार जड. ओढणाऱ्यांचे पाय गाळात रुतायला लागले, आणि मधूनच समोरच्या बाजूनं असा हिसका बसला की पुढचे तिघं तोंडावर आपटले. सखाबाई त्यांत होती. दोर तिच्या हातातून सळसळत सुटला आणि मागे एकटी डिंपल उरली. मी ओरडलो, "सोड बेटा, हात कापन!" तिनं सोडला नाही. दोराचा वेढा कमरेला घेतला, दोन्ही टाचा एका दगडाला लावल्या आणि चक्क खाली बसली. गाळात, फतकल मारून. दोर ताठ झाला, थरथरला आणि थांबला.

"बसून राह्य पोरी!" कैलाश पाण्यातून ओरडला. "उठू नको! असा खुंटा साऱ्या गावात नाही!"

लोक धावले, दोर धरला, आणि जाळं काठाला आलं. आत रोहू, कतला, आणि एवढाल्या मरळी उड्या मारत होत्या. डिंपल डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं भरली होती आणि हसत होती. तळहात सोलले होते. सखाबाई तिचे हात फुंकत होती आणि स्वतःचं नाक फुटलंय हे तिच्या लक्षातच नव्हतं.

ओढ झाली की ती तोलतात. चिंचेच्या फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. कैलाशनं एका पारड्यात मासोळी ओतली, दुसऱ्यात वजनं ठेवायला वाकला. डिंपल तिथं उभी राहून एकटक पाहत होती.

"काका, मी जास्त भरन का मासोळी?"

"मले काय मालूम?"

"थांबा, वजनं ठेवू नका." आणि ती पारड्याकडे निघाली.

सखाबाई मध्ये आडवी आली. "कुठं जाऊन राह्यली? नाही बसाचं. तुले कोणी बस म्हणलं?"

"कोणी नाही म्हणलं. मले पाहाचं आहे."

"अवो, तो विक्की फोन घेऊन उभा आहे तिथं!"

डिंपलनं मान वळवून पाहिलं. विक्की खरंच फोन वर धरून उभा होता. "काढू दे," ती म्हणाली. "इतक्या चिखलात कोण ओळखते मले?" आणि आजीच्या काखेखालून निसटून ती पारड्यात जाऊन बसली. साखळ्या करकरल्या.

सखाबाईनं डोळे मिटून घेतले. मीही घेतले असते, पण माझ्यानं राहवेना. कैलाशनं तराजूचा दांडा सोडला. मासोळीचं पारडं खाली गेलं, अगदी मातीला टेकलं, आणि डिंपल वर गेली. हवेत. तिचे पाय लोंबकळायला लागले.

तिनं खाली पाहिलं, समोरच्या ढिगाकडे पाहिलं, आणि किंचाळली, "आजी! मी हलकी आहो!"

अख्खी पाळ हसली. तिच्यावर नाही, तिच्यासोबत. विक्कीनंही फोन खाली करून टाळ्या वाजवल्या. कैलाशचा चेहरा उजळला. "मावशी, नवस आपोआप फिटून राह्यला! घरची ओढ आहे, लेकरू आपल्या मनानं बसलं, अजून काय पाह्यजे? फक्त काटा बरोबर करा लागन. मायच्या पारड्यातली मासोळी तं काढता येत नाही, पोरीकडं थोडं वजन टाकतो." आणि त्यानं एक लोखंडी वजन उचललं.

"खबरदार!" सखाबाईच्या आवाजानं चिंचेवरचे बगळे उडाले. तिनं कैलाशच्या हातातलं वजन हिसकावून मातीत फेकलं आणि तलावमायकडे तोंड केलं. नाकाखालचं रक्त पदरानं पुसलं.

"भारोभार म्हणली होती मी, जास्त जाऊन राह्यलं तं जाऊ दे. ठेवून घे माय. पण माह्या पोरीच्या अंगावर आता काही चढवणार नाही मी."

बायका चूल पेटवायला लागल्या होत्या, कोणी मसाला वाटायला बसलं होतं. डिंपल पारड्यात बसून पाय हलवत होती, आणि तिला खाली उतरवायची घाई कोणालाच नव्हती.